सांधा कुणी तपासायचा?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत दोन विद्यार्थी नव्याने दाखल झाले. काम होते पावसाच्या जुन्या नोंदींचे. एकाने कागदावरच्या नोंदी वाचून त्या ठरावीक तक्त्यात मांडणारी आज्ञावली लिहायची आणि दुसरीने त्या तक्त्यातले आकडे घेऊन महिन्याची व वर्षाची सरासरी काढणारी आज्ञावली लिहायची, अशी वाटणी मीच करून दिली. दोघेही हुशार. दोघांनी आपापली आज्ञावली नीट तपासली. मग दोन्ही जोडल्या आणि उत्तर आले, की एका तालुक्यात सलग तीन वर्षे दुष्काळ पडला होता!

त्या वर्षांत तिथे दुष्काळ पडलेला नव्हता. दोन दिवस शोधल्यावर उलगडा झाला. ज्या दिवशी पर्जन्यमापकाची नोंद घेतलीच गेली नव्हती, त्या जागी पहिल्याने शून्य लिहिले होते. त्याच्या लेखी शून्य म्हणजे ‘माहीत नाही’. दुसरीच्या लेखी शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’. दोघांच्याही कामात चूक काढता येत नव्हती. चूक होती ती दोघांच्या मधल्या जागेत, आणि ती जागा तपासायचे काम मी कुणालाच दिलेले नव्हते.

सुटे भाग बरोबर आणि जोडलेले यंत्र मात्र चूक, हा अनुभव आमच्या प्रयोगशाळेपुरता नाही. संगणकाच्या आज्ञावल्यांचा इतिहास पाहिला तर हीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येते. ती सोडवण्याच्या धडपडीतूनच, नव्याने आज्ञावली लिहू लागणाऱ्याला काय शिकवायचे आणि कधी शिकवायचे, याचीही उत्तरे हळूहळू सापडत गेली.

कपाटातल्या फिती

इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी ‘एडसॅक’ नावाच्या संगणकाने वर्गांचा तक्ता काढून दाखवला. हा संगणक बांधणाऱ्या गटाचे प्रमुख होते मॉरिस विल्क्स. त्यानंतर थोड्याच दिवसांत विल्क्स यांनी एक जरा अवघड समीकरण सोडवण्यासाठी आज्ञावली लिहिली. ओळी सुमारे सव्वाशे आणि त्यांत चुका वीसेक! आपले उरलेले बरेचसे आयुष्य स्वतःच्याच आज्ञावल्यांतल्या चुका शोधण्यात जाणार आहे, हे त्या उन्हाळ्यात जिना चढता चढता एकदम लक्षात आले, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

यावर त्यांच्या गटाने शोधलेला उपाय साधा होता. वर्गमूळ काढणे, उत्तर छापणे अशी कामे प्रत्येकाला लागतात. ती प्रत्येकाने नव्याने का लिहायची? एकाने काळजीपूर्वक लिहावी, तपासावी आणि छिद्रे पाडलेली फीत कपाटात ठेवावी. ज्याला हवी त्याने तिची नक्कल आपल्या फितीत घालावी. अशा छोट्या आज्ञावलीला ‘सबरूटीन’ म्हणतात. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने मुख्य आज्ञावलीतून सबरूटीनमध्ये जाण्याची आणि काम झाल्यावर नेमके पूर्वीच्या जागी परत येण्याची युक्ती शोधली. १९५१ साली विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे या विषयावरचे पुस्तक निघाले, तोपर्यंत केंब्रिजच्या संग्रहात ८७ सबरूटीने जमली होती.

इथे व्हीलर यांचे एक निरीक्षण मोलाचे आहे. १९५२ साली त्यांनी नोंदवले, की सबरूटीन लिहून आणि तपासून झाले तरी काम संपत नाही. आतली रचना ठाऊक नसलेल्यालाही ते वापरता यावे असे त्याचे वर्णन लिहायचे राहते, आणि कदाचित तेच काम सगळ्यांत कठीण असते. म्हणजे सुटा भाग तयार करण्यापेक्षा त्याचा सांधा नीट समजावून सांगणे अवघड आहे, हे पहिल्या तीन वर्षांतच लक्षात आले होते. आमच्या तक्त्यासोबत ‘शून्य म्हणजे नोंद नाही’ एवढे एक वाक्य लिहिलेले असते, तर तो दुष्काळ पडलाच नसता.

तुकडे कोठे पाडायचे?

पुढच्या वीस वर्षांत आज्ञावल्या फार मोठ्या झाल्या. शेकडो माणसे मिळून एक आज्ञावली लिहू लागली. कामे रेंगाळू लागली, खर्च हाताबाहेर जाऊ लागला. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी यावर विचार करण्यासाठी एक परिषद भरली आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द तिच्यामुळे रूढ झाला. चाचण्यांतून चुका सापडतात हे खरे, पण चाचण्या पार पडल्या म्हणून चुका उरल्याच नाहीत असे सिद्ध होत नाही, याकडे एडस्गर डाइक्स्ट्रा यांनी पुढल्याच वर्षीच्या परिषदेत लक्ष वेधले.

१९६८ सालीच मेल्विन कॉनवे यांनी एक वेगळीच गोष्ट दाखवून दिली होती. माणसांचा गट जी रचना तयार करतो, तिच्यात त्या गटातल्या बोलण्याचालण्याचीच नक्कल उतरते. दोन गट एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांनी केलेल्या दोन भागांमधला सांधाही कच्चा राहतो.

मग मोठ्या कामाचे तुकडे पाडावेत तरी कसे? या प्रश्नाला १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी दिलेले उत्तर आजही शिकवले जाते. त्यांनी उदाहरण घेतले शब्दसूचीचे. काही ओळी दिलेल्या आहेत. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी न्यायचा, पुन्हा तसेच करायचे, आणि अशा रीतीने मिळणाऱ्या सगळ्या ओळी वर्णानुक्रमे लावायच्या. ‘पाणी वाफ बर्फ’ या ओळीपासून ‘वाफ बर्फ पाणी’ आणि ‘बर्फ पाणी वाफ’ याही ओळी मिळतील.

याचे तुकडे पाडण्याची पहिली रीत कुणालाही सुचेल: एकाने ओळी वाचाव्यात, दुसऱ्याने शब्द फिरवावेत, तिसऱ्याने क्रम लावावा, चौथ्याने छापावे. कामाच्या पायऱ्या तेच तुकडे. पण यात ओळी संगणकाच्या स्मृतीत कशा साठवल्या आहेत, हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. साठवण बदलली की सगळ्यांनाच आपले काम बदलावे लागते. पार्नास यांनी सुचवलेली रीत निराळी होती. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, असा एकेक निर्णय एकेका घटकात दडवून ठेवावा. ओळी कशा साठवायच्या, हे एकाच घटकाला ठाऊक असावे. बाकीच्यांनी त्याला ‘तिसऱ्या ओळीतला दुसरा शब्द दे’ एवढेच म्हणावे. अशाने सांधे लहान होतात. लहान सांधा समजावून सांगता येतो आणि तपासताही येतो.

शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी बाब म्हणजे पार्नास यांनी ही दुसरी रीत वर्गात वापरून पाहिली होती. वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले घटक एकमेकांशी निरनिराळ्या प्रकारे जोडून चालतात का, हे त्यांनी तपासले. आपला घटक कुणाच्या घटकाशी जोडला जाईल हे माहीत नसताना विद्यार्थ्याला तो लिहावा लागे. सांध्याचे महत्त्व पटवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

त्रिकोणाची परीक्षा

१९७९ साली ग्लेनफर्ड मायर्स यांनी चाचणीच्या कलेवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या सुरुवातीलाच वाचकाची एक परीक्षा आहे. एक आज्ञावली तीन पूर्णांक वाचते, त्यांना त्रिकोणाच्या बाजू मानते आणि त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज ते सांगते. तुम्ही ती कोणकोणते आकडे देऊन तपासाल?

करून पाहा. ३, ४, ५ लगेच सुचते. ५, ५, ५ सुचते. ५, ५, ३ सुचते. पण ५, ३, ५ आणि ३, ५, ५? १, २, ३ या बाजूंचा तर त्रिकोणच होत नाही, तो पाहिलात? एक बाजू शून्य? ऋण? तीनऐवजी दोनच आकडे दिले तर? मायर्स यांच्या यादीत असे १४ प्रश्न आहेत आणि अनुभवी व्यावसायिकांनाही सरासरी ७.८ गुणच मिळतात, असे त्यांनी नोंदवले आहे. यादीतला शेवटचा प्रश्न तर फारच मार्मिक आहे. प्रत्येक वेळी कोणते उत्तर यायला हवे, हे तुम्ही आधी लिहून ठेवले होते का? तसे नसेल तर येईल ते उत्तर आपल्याला बरोबरच वाटते.

जोडणीबद्दलही मायर्स यांनी स्पष्ट लिहिले. सगळे घटक वेगवेगळे तपासायचे आणि अखेरच्या दिवशी एकदम जोडायचे, ही त्या काळी रुळलेली पद्धत होती. अशा वेळी चूक दिसते, पण ती कोणत्या सांध्यात आहे ते कळत नाही. त्याऐवजी एकेक घटक जोडत जावे आणि दर जोडणीनंतर तपासावे. जो घटक अजून तयार नाही त्याच्या जागी तात्पुरता बदली उभा करावा. नाटकाच्या तालमीत एखादा नट आला नसेल तर दुसरे कुणी त्याची वाक्ये वाचते आणि तालीम थांबत नाही, तसेच हे.

उडणारे फ्यूज

मग संपूर्ण यंत्र तपासले म्हणजे भागले का? ‘थेरॅक-२५’ या यंत्राची हकिगत याचे उत्तर देते. कर्करोगावर प्रारणोपचार करणाऱ्या या कॅनडात बनलेल्या यंत्राने जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिकेत आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर मोठी मात्रा दिली. त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. तंत्रज्ञाने पडद्यावरची माहिती झटपट दुरुस्त केली तर आज्ञावलीच्या एका भागाला तो बदल कळे आणि दुसऱ्याला कळत नसे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून दिसते, की इथे बहुतेक भर जोडलेल्या यंत्राच्या चाचणीवर होता आणि आज्ञावलीच्या सुट्या भागांची तपासणी अगदी थोडी झाली होती.

याच हकिगतीतला एक भाग शिक्षकांसाठी आहे. आधीच्या ‘थेरॅक-२०’ या यंत्राच्या आज्ञावलीतही ही चूक होती. पण त्यात धोका दिसताच यंत्र बंद पाडणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक व्यवस्था होती, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही. शिकागो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बोर्गर यांच्या लक्षात आले, की विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की त्यांच्या थेरॅक-२० चे फ्यूज आठवड्यातून तीन-तीनदा उडतात आणि मग काही महिने सारे शांत असते. नवे विद्यार्थी हरतऱ्हेच्या चुका करत, आकडे भलत्याच क्रमाने बदलत. बोर्गर यांनी तसेच मुद्दाम करून पाहिले, तेव्हा थेरॅक-२५ मधलीच चूक त्यांच्या यंत्रातही सापडली.

विद्यार्थी सरावले की फ्यूज उडणे थांबे. म्हणजे ते यंत्राच्या चुकीला वळसा घालायला शिकत होते. शिकाऊ माणसाचे अडखळणे ही एक चाचणीच असते, ती फुकट घालवू नये. आमच्या प्रयोगशाळेत आता नवा विद्यार्थी कोठे अडला, हे पहिल्या महिन्यात आम्ही वहीत लिहून ठेवतो.

सदतीस सेकंद

याच्या नेमकी उलट गोष्ट ४ जून १९९६ रोजी घडली. दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयाना इथून युरोपचे नवे अग्निबाण ‘एरियान-५’ पहिल्यांदाच उडाले. सुमारे सदतीस सेकंदांनी ते एकदम कलले, मोडू लागले आणि स्फोट होऊन नष्ट झाले. त्यावरचे ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रहही गेले.

गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९ जुलै १९९६ रोजी आपला अहवाल दिला. अग्निबाणाची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेची आज्ञावली आधीच्या एरियान-४ वरून घेतली होती. तिथे ती उत्तम चालली होती. तिच्यात एका ठिकाणी, आडव्या वेगाशी निगडित असलेली एक राशी १६ बिटांच्या पूर्णांकात बसवली जाई. अशा पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४ वर ती मर्यादा कधी ओलांडली जात नसे. एरियान-५ चा मार्ग वेगळा होता, त्याचा आडवा वेग बराच जास्त होता. संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. मदतीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेत तीच आज्ञावली होती. ती तर क्षणभर आधीच बंद पडली होती. बंद पडताना यंत्रणेने बिघाडाची खूण म्हणून जे आकडे पाठवले, ते मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून घेतले आणि अग्निबाण वळवले.

गंमत म्हणजे, गणिताचा जो भाग चुकला त्याचा एरियान-५ ला उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता. तो एरियान-४ ची गरज म्हणून उरला होता.

संपूर्ण उड्डाणाच्या नकली चाचण्या जमिनीवर झाल्या होत्या. पण त्यांत ही यंत्रणा प्रत्यक्ष न बसवता तिच्या जागी बदली आज्ञावली ठेवली होती, कारण सुटा भाग म्हणून यंत्रणा आधीच उत्तीर्ण झाली होती. तालमीत बदली चालतो; पण रंगीत तालमीलाही बदलीच उभा केला, तर खरा नट वाक्य विसरणार हे कळणार कसे? अपघातानंतर खऱ्या आज्ञावलीला एरियान-५ च्या मार्गाचे आकडे दिले, तेव्हा तोच बिघाड जमिनीवरही जसाच्या तसा घडला.

तीन वर्षांनी, २३ सप्टेंबर १९९९ रोजी, अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ पोचून हरवले. जमिनीवरची एक आज्ञावली यानाला मिळालेले धक्के पौंड-सेकंदांत लिहीत होती आणि पुढची ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे समजून वाचत होती. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक. मंगळापासून २२६ किलोमीटरवरून जायचे यान अंदाजे ५७ किलोमीटरवरून गेले. न्यूटन-सेकंदच वापरायचे, असे सांध्याच्या दस्तऐवजात लिहिलेले होते. म्हणजे व्हीलर यांनी सांगितलेले वर्णन लिहिणे पुरेसे नाही. ते पाळले जाते की नाही हेही कुणीतरी तपासावे लागते.

रोजची जोडणी

याच दशकात उपायही रुळू लागले. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांत दररोज सगळे घटक जोडून आज्ञावली चालवून पाहण्याची शिस्त आली. केंट बेक यांनी १९९४ साली चाचण्याच आज्ञावलीच्या रूपात लिहिण्याची एक सोपी चौकट प्रसिद्ध केली. १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून त्यांनी आणि एरिक गामा यांनी तिचा ‘जेयुनिट’ हा अवतार लिहिला. तो जगभर पसरला. उत्तर आधी लिहून ठेवा, हा मायर्स यांचा शेवटचा प्रश्न आता संगणकच रोज विचारू लागला. आज अनेक ठिकाणी कुणीही एक ओळ बदलली, की सगळ्या चाचण्या आपोआप चालतात. लहान घटकांच्या पुष्कळ, सांध्यांच्या त्याहून कमी आणि संपूर्ण आज्ञावलीच्या मोजक्या, अशी त्यांची उतरंड सर्वसाधारणपणे मानली जाते.

साधने आली तरी शिकवण्याचा प्रश्न उरतोच. बहुतेक अभ्यासक्रमांत नवशिक्याला आधी महिनोन्‌महिने सुटे घटक लिहायला लावतात आणि जोडणी सर्वांत शेवटी येते. मीही तसेच शिकवत असे. दुष्काळाच्या प्रसंगानंतर आम्ही क्रम बदलला. नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी फक्त दहा दिवसांच्या नोंदी देतो, त्यांत दोन दिवसांची नोंद मुद्दाम गाळलेली. त्याने आधी कागदावर हाताने सरासरी काढायची, मग कच्ची का होईना, पण पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत जाणारी पूर्ण साखळी उभी करायची आणि दोन्ही उत्तरे जुळवायची. एकेक घटक सुधारणे त्यानंतर. घटक बदलला की साखळी पुन्हा चालवायची.

वर्गासाठी एक प्रयोग

हे अनुभवायला संगणक लागत नाही. पाठ्यपुस्तकातल्या एका धड्याची शब्दसूची करायला घ्या. वर्गाचे चार गट करा: पहिल्याने शब्द आणि पृष्ठांक निवडायचे, दुसऱ्याने शब्दांची रूपे एकसारखी करायची, तिसऱ्याने वर्णानुक्रम लावायचा, चौथ्याने सूची लिहायची. प्रत्येक गटाला स्वतंत्रपणे काम करू द्या आणि शेवटच्या दहा मिनिटांत सारे जोडा.

मग गंमत पाहा. ‘क्षार’ हा शब्द कोठे लावायचा? शाळेतल्या तक्त्याप्रमाणे ‘क्ष’ अगदी शेवटी, की तो ‘क्’ आणि ‘ष’ यांचा जोड म्हणून ‘क’ मध्ये? ‘अंक’ आधी की ‘अणू’? पहिल्या गटाने ‘पाण्याचा’ लिहिले. दुसऱ्याने त्याचे ‘पाणी’ केले तेव्हा दोन ठिकाणचे पृष्ठांक एकत्र केले का? प्रत्येक गट म्हणेल, आमचे बरोबर आहे. आणि ते खरेच असेल.

दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग उलट करा. आधी फक्त पाच शब्द घेऊन चारही गटांनी मिळून सूची पूर्ण करायची, अडेल तिथे नियम ठरवून फळ्यावर लिहायचा आणि मगच उरलेला धडा घ्यायचा. फळ्यावर जे नियम जमतील तेच सांधे. ते तपासायचे काम कुणाचे, हेही तिथेच, एका गटाचे नाव लिहून, ठरवून टाका.